ऑगस्टात हिरवी दिसलेली जमीन आणि दोन लाखांचा विसार

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

"आम्ही दोघे डोंबिवलीला राहतो. मी शिक्षिका, वय ५३. यजमान ५७ वर्षांचे, तीन वर्षांनी निवृत्त होतील. कोकणात जमीन घ्यायची, छोटे घर बांधायचे, आंबा-काजूची चार झाडे आणि भाजीपाला लावून तिथेच राहायचे, हा त्यांचा बेत. परवा देवरुखच्या पुढे सड्यावरची, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारावरची, ६२ गुंठे जमीन पाहिली. बाजूने पऱ्या वाहतो, समोर दरी, ढग अंगावरून जातात. एजंट म्हणतो, बोअर मारला की पाणी लागतेच. सातबारा सामाईक आहे, त्यावर चौदा नावे. 'दोघांच्याच सह्या राहिल्यात, मुंबईला असतात, होऊन जातील.' आमच्या नावावर शेती नाही म्हटल्यावर 'शेतकरी दाखला मी करून देतो' म्हणाला. सासऱ्यांची खटाव तालुक्यात जमीन होती, ती आता चुलत सासऱ्यांच्या नावावर आहे. गणपतीपूर्वी दोन लाख विसार द्यायचा आहे, कारण पुण्याची एक पार्टी थांबली आहे म्हणे. यजमान अगदी भारावून गेलेत. मला धाकधूक वाटते, पण बोलले की मोडता घालणारी मीच ठरते. मला गाडीही चालवता येत नाही. काय करावे?"

ताई, सस्नेह नमस्कार.

विसार देऊ नका. गणपतीपूर्वी नको आणि गणपतीनंतरही नको. पुण्याची पार्टी थांबली असेल तर तिला खुशाल पुढे जाऊ द्या. कोकणातल्या प्रत्येक विकाऊ जमिनीपाशी ही पार्टी थांबलेली असते आणि तिला आजवर कुणी पाहिलेले नाही.

तुम्ही जमीन ऑगस्टात पाहिलीत. त्यावरून एवढेच कळले की तिथे पाऊस पडतो. ते तर न जाताही माहीत होते. देवरुख ज्या रत्नागिरी जिल्ह्यात येते तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि त्याच जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत वाड्यांवर टँकर जातात. सड्याची घडण पाहिली की हे कोडे सुटते. वरचा जांभा दगड सच्छिद्र असतो. तो पाणी भराभर आत घेतो आणि तितक्याच भराभर कडेच्या उतारांवरून झऱ्यांवाटे सोडून देतो. त्याच्या खाली चिकण मातीचा थर आणि आणखी खाली काळा कातळ. काळ्या कातळात पाणी असते ते फक्त भेगांमध्ये. भेग लागली तर बोअर चालतो. नाही लागली तर शेजारच्याच्या बोअरला धो धो पाणी आणि तुमच्यातून नुसती भुकटी. 'लागतेच' असे त्या दगडाबद्दल छातीठोक सांगता येत नाही. तुमचा तो पऱ्याही ऑगस्टात वाहणारच. तो कोणत्या महिन्यात आटतो, हे विचारायला हवे होते.

तुम्ही शिक्षिका, तुम्हाला मेची सुट्टी असते. येत्या मे महिन्यात एजंटला न कळवता वाडीत जा. पाणवठ्यावर ज्या बायका भेटतील त्यांना विचारा, पाणी कुठून आणता, कोणत्या महिन्यापासून वणवण सुरू होते, गेल्या वर्षी टँकर आला होता का. गडीमाणसे वाडीची अब्रू राखायला 'पाण्याला काही कमी नाही' म्हणतात, हंडा वाहणारी बाई तसे म्हणत नाही. मग देवरुखला पंचायत समितीत जाऊन मागच्या काही वर्षांचे टंचाई आराखडे पाहायला मागा. दर उन्हाळ्याआधी असा आराखडा तयार होतो आणि त्यात पाणी कमी पडणाऱ्या वाड्यांची नावे असतात. त्या वाडीचे नाव वर्षामागून वर्ष येत असेल तर पुढची चौकशी करण्याचे कष्ट वाचले.

नाव नसेल, तर आजूबाजूच्या विहिरी पाहा. पाणी किती खोल आहे हे पाहिलेत तरी तेवढ्याने भागत नाही. मालकाच्या परवानगीने तासभर पंप चालवायला सांगा आणि उतरलेले पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत किती भरून आले ते मोजा. विहीर खरी कळते ती भरून येण्यावरून. बोअरचाच विचार असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडे चौकशी करा. तळहातावर नारळ उभा करून पाणी सांगणारे पाणाडेही भेटतील. हौस म्हणून त्यांनाही बोलवा, पण पैसे नारळाच्या भरवशावर लावू नका.

थोडे आकडे मांडते, यजमानांना दाखवायला उपयोगी पडतील. हजार चौरस फुटांचे छप्पर आणि तीन हजार मिलिमीटर पाऊस धरला, वीस टक्के वाया गेला म्हटले, तरी त्या छपरावरून वर्षाला दोन लाख लिटरहून जास्त पाणी उतरते. दोन माणसांना दिवसाला २७० लिटर पुरतात. फेब्रुवारीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यानंतरपर्यंत, म्हणजे सुमारे १३० दिवसांना, ३५ हजार लिटर लागतील. तेवढी झाकलेली साठवण टाकी बांधली तर कोरड्या सड्यावरसुद्धा दोघांचे घर चालते. बाग मात्र चालत नाही. आंब्याच्या कलमांना पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालावेच लागते, नारळ-पोफळीला जन्मभर. काजू, कोकम एकदा तगले की फारसे मागत नाहीत. तेव्हा जमीन बघताना आपल्याला घर हवे आहे की बाग, हे आधी घरात ठरवा. दोन्हींना लागणारे पाणी फार वेगळे आहे.

मेमध्ये जमिनीने पाण्याची परीक्षा दिली, तर जुलैत आणखी एकदा जा. यजमानांना भुरळ घालणाऱ्या दरीकडे तेव्हा निरखून पाहा. माळीण गाव ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गाडले गेले, महाड तालुक्यातले तळिये २२ जुलै २०२१ ला, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. तिन्ही जुलैतली आणि तिन्ही डोंगरउतारावरची. तुमच्या जमिनीचे तसेच होईल असे मी म्हणत नाही. पण 'व्ह्यू' हवा म्हणून लोक घर अगदी कड्याच्या टोकाला नेतात, सपाटीसाठी जेसीबीने उतार कापतात, निघालेली माती खालच्या बाजूला लोटतात आणि पाणी वाहण्याची जुनी वाट बुजवून टाकतात. झाडांचे बुंधे एकाच दिशेला कललेत का, जमिनीला लांबट भेगा आहेत का, उतारातून गढूळ पाणी फुटते का, हे पाहा. घर कड्यापासून चांगले मागे घेता येईल एवढी सपाटी मुळातच असायला हवी, कापून काढलेली नको.

जमीन उंचावर असली तरी तिथे जाणारा रस्ता खालूनच येतो. संगमेश्वर तालुक्यात माखजनच्या बाजारपेठेत गडनदीचे पाणी शिरते, हे तिथल्या कुणालाही विचारा. तुमच्या वाटेवर कुठला साकव किंवा कमी उंचीचा पूल आहे आणि पाणी चढले की तो किती वेळ बंद राहतो? कोल्हापूरकडे जायचा आंबा घाटही जुलै २०२१ मध्ये खचून बंद पडला होता. विजेचेही विचारून घ्या. शेवटचा खांब जमिनीपासून किती लांब आहे, आणि वादळात तार तुटली की वायरमन किती दिवसांनी येतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या कित्येक गावांनी काही आठवडे अंधारात काढले.

आता कागद. इथे मी लवकर आटोपणार नाही, कारण एजंटच्या दोन वाक्यांत दोन सापळे आहेत.

पहिले वाक्य, 'दाखला मी करून देतो.' १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. बाकीच्यांना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. खोट्या दाखल्यावर केलेला व्यवहार अवैध ठरतो आणि कलम ८४-क खाली जमीन सरकारजमा होऊ शकते. दहा वर्षांनी कुणी तक्रार केली, तेव्हा आंबे लागलेले असतील आणि एजंट फोन उचलत नसेल. गंमत म्हणजे तुम्हाला खोट्या दाखल्याची गरजच नसेल. सासऱ्यांची खटावची जमीन चुलत्यांच्या नावावर कशी गेली, हे आधी शोधा. पुष्कळदा सातबाऱ्यावर थोरल्या भावाचे नाव एकत्र कुटुंबाचा पुढारी म्हणून लागलेले असते आणि धाकट्याच्या मागे वारस नोंद करायची राहून जाते. तहसील कार्यालयातून जुने फेरफार काढा. हक्क शिल्लक असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांचे शपथपत्र देऊन नोंदीसाठी अर्ज करता येतो. हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते. यजमानांचे नाव रीतसर चढले की ते खातेदार शेतकरी. मात्र अर्जाआधी चुलत्यांना भेटा, बहीण-भावंडांना सांगा. गुपचूप अर्ज केलात तर नोटीस चुलत्यांच्या दारात जाईल आणि सणावाराला तोंड दाखवणे अवघड होईल. वाटप पूर्वीच झाले असेल, सासऱ्यांनी हक्क सोडला असेल, तर तो मार्ग बंद. मग बिनशेती प्लॉट किंवा गावठाणातले घर. त्यांना शेतकरी असण्याची अट नाही.

दुसरे वाक्य, 'दोघांच्याच सह्या राहिल्यात.' सामाईक सातबाऱ्यावर चौदा नावे असली तर माणसे बहुधा चौदाहून जास्त निघतात. त्यातले काही वारलेले असतील आणि त्यांचे वारस चढलेले नसतील. लग्न होऊन गेलेल्या बहिणी असतील, ज्यांचे नावच नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क २००५ च्या दुरुस्तीने मुलग्याइतका झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो आणखी स्पष्ट केला. उद्या त्यांतली एक जरी वाटपाचा दावा घेऊन उभी राहिली, तरी तुमचे निवृत्तीचे दिवस रत्नागिरीच्या कोर्टात. शिवाय सरस-निरस वाटप, म्हणजे चांगली-वाईट जमीन पाहून प्रत्येकाचा वाटा वेगळा करणे, झालेलेच नसेल तर तुम्ही पाहिलेले ६२ गुंठे तुम्हाला मिळणारच नाहीत. तुम्हाला मिळेल तो एकूण जमिनीतला अविभक्त हिस्सा. दरीकडची बाजू तुमची, असे कुठल्याच कागदावर नसेल.

म्हणून सर्वांच्या सह्या, वाटप आणि भूमी अभिलेख खात्याची हद्द कायम मोजणी झाल्याशिवाय एक रुपया नको. मोजणीचा अर्ज खातेदारालाच करता येतो, त्यामुळे तो विकणाऱ्यानेच करायचा. 'मोजणी कशाला, गडगे (दगडी बांध) आहेत की' असे म्हणणाऱ्या मालकाची जमीन घेऊ नये, असे माझे सरळ मत आहे. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो, तो स्वतः काढा. त्यावर भोगवटादार वर्ग १ (मोकळेपणी विकता येणारी जमीन) आहे की २ (विकायला सरकारी परवानगी लागणारी), इतर हक्कांत कुळ, बँकेचा बोजा, 'कलम ४३ ची शर्त' (कुळाला मिळालेली जमीन विकण्यावरचा निर्बंध) किंवा 'खाजगी वन' असे काही आहे का, आणि ६२ गुंठ्यांत पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, किती, ते वाचा. सड्यावर पोटखराबाच जास्त निघाला तर नवल नाही. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट देवरुखच्याच वकिलाकडून घ्या, पण एजंटने सुचवलेल्या वकिलाकडून नको. नोटरी केलेल्या साठेखतावर, म्हणजे विक्रीच्या करारावर, पैसे देऊ नका. साठेखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवूनच घ्यायचे.

रस्त्याचेही असेच. आज गाडी जमिनीपर्यंत गेली म्हणजे वहिवाटीचा हक्क आहे असे नव्हे. गावनकाशात रस्ता दिसतो का, की कुणाच्या तरी जमिनीतून त्याच्या मर्जीने जाता? मर्जी एका भांडणात संपते. गावातल्या म्हाताऱ्यांना आणखी एक विचारा, शिमग्यात पालखीची वाट या जमिनीतून जाते का, किंवा कुठे राखणदार देवाचे स्थान आहे का. असले तरी घाबरण्याचे कारण नाही. फक्त तिथे कुंपण घालण्याआधी गावकीशी बोलायला लागते.

एजंटने सांगितले नसेल, पण सह्याद्रीलगतची बरीच गावे पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा अधिसूचनेत आहेत. २०१४ पासून हे मसुदे पुन्हा पुन्हा निघत आले आहेत. तुमचे गाव यादीत असले तर लोक तुम्हाला उगीच घाबरवतील. मसुद्यातली बांधकामबंदी वीस हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांसाठी आहे, दोन खोल्यांच्या घरासाठी नाही. उलट नव्या खाणींना त्यात मनाई आहे. शेजारी चिरेखाण सुरू झाली की काय होते, ते ज्याने अनुभवले आहे त्याला याचे मोल कळेल.

माकडे आणि रानडुकरे यांच्याबद्दल इतकेच सांगते, भाजीपाल्याचे स्वप्न आधी शेजाऱ्यांच्या कानावर घाला. ते हसले तर समजून जा.

आता तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीकडे येते. मला गाडी चालवता येत नाही, असे तुम्ही जाता जाता लिहिलेत. मला ते अख्ख्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य वाटले. जमीन आज पाहणारा माणूस ५७ वर्षांचा आणि धडधाकट आहे. तिथे राहायचे आहे ते ७२ आणि ६८ वर्षांच्या दोघांना, आणि पुढे कधीतरी दोघांपैकी एकट्याला. त्या एकट्या माणसाला सड्यावरून औषधाच्या दुकानापर्यंत, बँकेपर्यंत, एसटीच्या थांब्यापर्यंत कसे जाता येईल? दारापर्यंत १०८ ची रुग्णवाहिका पोहोचेल, की पेशंटला खुर्चीत बसवून पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरवावी लागेल? देवरुखचे ग्रामीण रुग्णालय किंवा जवळचे आरोग्य केंद्र गाठून तिथे विचारा, रात्री डॉक्टर मुक्कामाला असतात का आणि सर्पदंशाचे इंजेक्शन शिल्लक असते का. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला आणि कोकणातले कितीतरी जीव वाचले. पण उपचार असला तरी माणूस वेळेत पोहोचावा लागतो. वाडीत रात्री किती घरांत दिवा लागतो, हेही पाहा. नुसती कुलपे असतील, सगळे मुंबईला असतील, तर हाक मारल्यावर येणार कोण?

म्हणून तुमच्या जागी मी असते, तर सड्यावरच्या ६२ गुंठ्यांऐवजी गावठाणातले किंवा त्याला लागून असलेले जुने कौलारू घर शोधले असते. एसटीच्या रस्त्यावर, वापरात असलेली विहीर आणि मागे पाचसहा झाडे मावतील एवढे परसू. शेतजमिनीचे छोटे तुकडे घ्यायला तुकडेबंदी आड येते. २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत, म्हणजे किमान, क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. गावठाणातल्या घराला ही अडचण येत नाही, आणि गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतल्या जमिनीला बिनशेतीची वाट सोपी झाली आहे. फक्त ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कराचा उतारा असतो, त्याला मालकीचा पुरावा समजू नका. घराखालची जागा कुणाची, हे वेगळे तपासावे लागते.

आणि विकत घेण्याआधी तिथे भाड्याने राहा. यजमान निवृत्त झाले की एक अख्खा पावसाळा. बुरशी लागलेले कपडे, चार-चार दिवस गेलेली वीज, संध्याकाळी सहानंतरची शांतता, हे सगळे दोघांना मानवते का ते तेव्हा कळेल. पुष्कळांना मानवते. ज्यांना मानवत नाही त्यांचे बंगले विक्रीला लागलेले तुम्हाला रस्त्यात दिसलेच असतील. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी सगळी जमिनीत घालू नका, हे वेगळे सांगायला नको. जमीन घाईने विकायला काढली की भाव घेणारा ठरवतो.

यजमानांना 'नको' म्हणू नका. पंधरा रुपयांचा सातबारा त्यांच्याच हाताने काढू द्या, चौदा नावे त्यांना मोठ्याने वाचू द्या, छपराच्या पाण्याचा हिशेब त्यांच्याकडून करून घ्या. निवृत्तीच्या वाटेवरच्या माणसाला काम हवे असते, आणि हे चांगले वर्षभराचे काम आहे. एजंटला त्यांनीच फोन करून सांगावे, 'सगळ्यांच्या सह्या, वाटप आणि मोजणी करून ठेवा, आम्ही मेमध्ये येतो.' मेपर्यंत जमीन विकली गेली, तर देवरुखच्या आसपास दुसरी मिळेल.

जे काही घ्याल ते दोघांच्या नावावर घ्या. खटावच्या कामाला मात्र मेची वाट पाहू नका, तिथल्या तलाठ्याला याच महिन्यात भेटा. हल्ली त्यांचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी आहे, पण तलाठी म्हटले तरी कार्यालय सापडेल.